दिव्या-चुलीचा खर्च शेतीच्या हिशेबात धरा

विजेचा विषय निघाला की सभेत पहिला हात वर होतो तो मोटरपंपवाल्याचा. थकबाकी, जळालेले रोहित्र, रात्रीची पाळी, पडलेला दाब. या प्रश्नांवर मोर्चे निघाले, रस्ते अडले, निवडणुकाही लढवल्या गेल्या. प्रश्न खरेच आहेत. पण रिद्धपूरच्या बैठकीला जे येणार त्यांतल्या बहुतेकांच्या सातबाऱ्यावर विहीर नाही. मृगाची वाट पाहायची, सरकी टोबायची, चार तास तुरीचे टाकायचे आणि आभाळाकडे बघत दिवाळी गाठायची, अशी त्यांची शेती. त्यांच्या शेतावरून विजेची तार गेलीच असेल तर ती दुसऱ्याच्या विहिरीकडे गेलेली असते. या कोरडवाहू कास्तकाराची वीज शेतात जळत नाही, घरात जळते. आणि घरातल्या विजेबद्दल, घरातल्या गॅसबद्दल सभेत कोणी बोलत नाही. तो बायामाणसांचा, संसाराचा विषय समजला जातो.

म्हणून या अंकात पंपाचे बिल बाजूला ठेवून आम्ही घराचे बिल पुढे घेतले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे. कोरडवाहूच्या घरातला दिवा आणि चूल हा शेतीचाच खर्च आहे. एके काळी हा खर्च शेत स्वतः भागवीत होते. आज तो दर महिन्याला रोखीने भागवावा लागतो, आणि शेतमालाच्या भावात त्याला कुठेही जागा नाही.

फुकट वीज कोणाच्या धुऱ्यापर्यंत?

२०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज जाहीर केली. सुमारे ४४ लाख पंपधारकांना लाभ, असा आकडा सरकारने दिला. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर अशीच शून्याची बिले निघाली होती आणि २००५ साली ती बंद झाली, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. या वेळी काय होते ते पुढे दिसेलच. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही वीज पोचते कोणाच्या धुऱ्यापर्यंत?

आपल्याच मोर्शी आणि शेजारच्या वरूड तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत, विहिरी आहेत, खोल खोल गेलेली बोअर आहेत. तिथे ही वीज पोचते. तिथून दक्षिण-पश्चिमेला उतरा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर. हा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. इथे विहीर खोदायला पैसे असले तरी उपयोग नाही, कारण खालचे पाणी खारे. ते पिकाला दिले तर काळी जमीन चोपण होते. इथल्या कास्तकाराला मोफत पंपाची वीज म्हणजे टकल्याला फुकट कंगवा.

हे भांडण बागाईतदाराशी नाही, हे स्पष्ट करतो. संत्र्याला भाव मिळाला नाही की तोही आपल्याइतकाच बुडतो. भांडण धोरणाशी आहे. राज्यातली जवळजवळ चार पंचमांश शेती पावसावर चालते. त्या शेतकऱ्याला सरकार जेव्हा ‘शेतकऱ्यांची वीज माफ केली’ असे सांगते, तेव्हा शहरातल्या माणसाचा समज होतो की शेतकरी बिलच भरत नाही. प्रत्यक्षात कोरडवाहू कास्तकार घरगुती ग्राहक म्हणून अमरावतीच्या राजापेठेतल्या किंवा अकोल्याच्या गोरक्षणच्या माणसाइतक्याच दराने बिल भरतो.

बिल वाचता आले पाहिजे

रिद्धपूर ही मराठी गद्याची भूमी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी इथे लीळाचरित्र सिद्ध केले ते लोकांच्या बोलीत, लोकांना कळावे म्हणून. २०२४ साली इथेच मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले. त्या गावात बसून आपण विचारले पाहिजे की विजेचे बिल छापले जाते मराठीत, तरी ते चांगल्या शिकलेल्या माणसालाही का कळू नये?

बिलात मुख्य गोष्टी पाच. पहिली, स्थिर आकार. दिवा लावा अथवा नका लावू, हा लागणारच. दुसरी, वीज आकार, म्हणजे वापरलेल्या युनिटांचे पैसे. तिसरी, वहन आकार, म्हणजे वीज तुमच्या दारापर्यंत आणण्याचे भाडे, तेही प्रत्येक युनिटवर. चौथी, इंधन समायोजन आकार. कोळसा महाग पडला, बाहेरून वीज महाग घ्यावी लागली, की फरक तुमच्यावर. पाचवी, वीज शुल्क. हा सरकारचा कर, घरगुती ग्राहकाला १६ टक्के, आणि तो स्थिर आकारावरही लागतो.

आता हिशेब मांडू. धरून चला की घरात महिन्याला ९० युनिट जळतात. चार दिवे, दोन पंखे, टीव्ही, मोबाइल, उन्हाळ्यात कूलर. २०२२-२३ साली पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ३ रुपये ३६ पैसे, वहन आकार १ रुपया ३५ पैसे आणि स्थिर आकार १०५ रुपये होता. कर धरून बिल होते सुमारे ६१४ रुपये. नियामक आयोगाने मार्च २०२३ मध्ये दोन वर्षांची वाढ एकदम मंजूर केली. २०२४-२५ साली वीज आकार ४ रुपये ७१ पैसे, वहन आकार १ रुपया १७ पैसे आणि स्थिर आकार १२८ रुपये झाला. त्याच ९० युनिटांचे बिल झाले सुमारे ७६२ रुपये. इंधन समायोजन यात धरलेले नाही. दोन वर्षांत जवळजवळ चोवीस टक्के वाढ. या दोन वर्षांत आपल्या कापसाचा बाजारातला भाव चोवीस टक्के वाढला का, हे ज्याचे त्याने आपल्या हिशेबपट्टीवर पाहावे.

१०० युनिटांची पायरी ओलांडली की पुढच्या प्रत्येक युनिटाला २०२४-२५ साली १० रुपये २९ पैसे लागत होते, वहन आकार वेगळा. म्हणजे दुपटीहून जास्त. म्हणून वाचन वेळेवर होणे महत्त्वाचे. दोन महिन्यांचे युनिट एकदम मोजले तर स्वस्त पायरी १०० नव्हे, २०० युनिटांची धरली पाहिजे. ती धरली आहे का, ते तपासा. २०२५ मध्ये दराचे पुन्हा आदेश निघाले. मार्चअखेरचा आदेश एप्रिलच्या सुरुवातीलाच स्थगित झाला आणि जूनमध्ये सुधारित आदेश आला. मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांनाही ज्याचा माग ठेवता येत नाही, तो दर खेड्यातल्या माणसाने निमूटपणे भरायचा.

स्थिर आकार कशाचा?

वीज वापरली नाही तरी पैसे का द्यायचे? वीज निर्मिती प्रकल्पांशी जे पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार होतात त्यांत दोन रकमा असतात. एक विजेची, आणि एक प्रकल्प उभा आहे म्हणून द्यायची. दुसरी रक्कम यंत्र बंद ठेवायला सांगितले तरी द्यावी लागते. ती शेवटी ग्राहकाच्या बिलात उतरते. खांब, तारा, रोहित्रे आणि पगार यांचा खर्चही तसाच उतरतो.

यात आपल्या तालुक्याचा संबंध जवळचा आहे. नांदगाव पेठला १३५० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला. त्याला पाणी मिळाले ते मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाचे. सिंचनाचे पाणी विजेला देऊ नका म्हणून २०१० च्या सुमारास अमरावतीत मोठे आंदोलन झाले. प्रकल्प झाला. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतले काही जण मोबदल्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये थेट मंत्रालयात गेले आणि तिथल्या संरक्षक जाळीवर त्यांनी उड्या टाकल्या. ज्या भागाने जमीन दिली आणि पाणी दिले, त्या भागातल्या कोरडवाहू घराला स्थिर आकार मात्र राज्यातल्या इतरांइतकाच. कूपनलिका कोरडी, धरणाचा कालवा लांब आणि दारात बिल.

ज्वारी गेली, बिल आले

कृषी महाविद्यालयात आम्ही पिकाचा हिशेब क्विंटलमध्ये शिकलो. एकरी किती दाणे, क्विंटलला किती भाव, वजा खर्च. या हिशेबात एक मोठी गोष्ट बसत नव्हती. ज्वारी आणि कपाशी ही केवळ दाण्याची आणि बोंडाची पिके नव्हती. ती घराच्या इंधनाची पिके होती.

ज्वारीचा कडबा बैलाला, म्हशीला. बैल म्हणजे नांगर, वखर, डवरा, तिफण आणि बंडी. म्हणजे आजचा ट्रॅक्टर आणि आजचे डिझेल. जनावराचे शेण म्हणजे खत आणि गोवऱ्या. ऐंशीच्या दशकात गावोगाव गोबरगॅस बांधले गेले. चार-पाच जनावरांच्या शेणावर एका कुटुंबाचा स्वयंपाक निघत होता. कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीची तुराटी चुलीला. एकरभर कोरडवाहू कपाशीच्या सात-आठ क्विंटल पऱ्हाट्या निघतात. मातीच्या चुलीत बरीचशी उष्णता वाया जाते, ती वजा केली तरी एकराच्या पऱ्हाट्यांचे जळण गॅसच्या चारएक सिलिंडरांइतके पडते. म्हणजे दोन एकर कपाशी वर्षभराची चूल पेटवीत होती, आणि त्यासाठी कोणालाही एक रुपया रोख द्यावा लागत नव्हता.

मग हे मोडले कशाने? शेतकरी आळशी झाला म्हणून नव्हे. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला, ज्वारीला गिऱ्हाईक उरले नाही. हायब्रीड ज्वारी काढणीच्या वेळी पाऊस लागला की काळी पडली आणि व्यापाऱ्याने ती कोंबड्यांच्या खाद्याच्या भावाने मागितली. रोही आणि रानडुकरे यांनी उभे पीक खाल्ले. नव्वदच्या दशकात सोयाबीन आले. लवकर निघणारे, पैसा देणारे. त्याचे कुटार कडब्याची जागा घेऊ शकत नाही. कडबा गेला तशी जनावरे गेली. २०१५ च्या कायद्याने म्हातारा बैल विकण्याची वाटही बंद झाली, तेव्हा नवा बैल घेण्याची हिंमत आणखी कमी झाली. बैल गेला तिथे ट्रॅक्टर आला. ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलचा भाव बाजारावर सोडला गेला. गोबरगॅसच्या टाक्या शेणावाचून कोरड्या पडल्या.

आता पऱ्हाटीचे पाहा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने वऱ्हाड-विदर्भ झोडपला. तेव्हापासून कृषी खाते सांगते की फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या धुऱ्यावर किंवा घरामागे रचून ठेवू नका, कारण न फुटलेल्या बोंडात अळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तीच उठते. सल्ला बरोबर आहे. आम्हीही तोच देतो. पण या सल्ल्याची किंमत कोणी मोजली? पऱ्हाटी वावरात कुटली की चुलीचे जळण गेले. बोंडअळीच्या बंदोबस्ताचा खर्च अशा रीतीने सिलिंडरच्या पावतीवर चढला.

ज्वारी घरातून गेल्यावर खायचे धान्यही विकत आले. आत्महत्याग्रस्त म्हणून ज्या १४ जिल्ह्यांची नोंद झाली त्यांत अमरावती आणि अकोला आहेत. इथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते. २०२३ मध्ये ते थांबवून माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकण्याचे ठरले. धान्याचा भाव वाढला तरी किलो कमी होत नसतात. रुपयाचे मात्र होतात.

चुलीकडे परत जा, असे आम्ही म्हणत नाही

कोणी म्हणेल, मग पुन्हा चूल पेटवा, पुन्हा गोवऱ्या थापा. शहरात बसून असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. चुलीच्या धुराने आपल्या मायबहिणींचे डोळे गेले, छाती भरली. पऱ्हाटीचा भारा डोक्यावर आणताना माना मोडल्या. त्या जीवनाचे गोडवे गाणाऱ्याने आठ दिवस त्या चुलीपुढे बसावे. गॅस आला हे चांगलेच झाले. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गरिबाच्या घरीही तो पोचला.

पण तो आला कोणत्या भावाने? मुंबईच्या दराप्रमाणे जुलै २०२० मध्ये १४.२ किलोचे सिलिंडर ५९४ रुपयांना होते. जुलै २०२२ मध्ये १०५२ रुपये ५० पैसे. मधल्या काळात सर्वसाधारण ग्राहकाच्या खात्यावर येणारे अनुदान मे २०२० पासून बंद झाले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये २०० रुपये उतरले, मार्च २०२४ मध्ये आणखी १००, दोन्ही वेळा निवडणूक समोर होती. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये पुन्हा चढले आणि भाव ८५२ रुपये ५० पैसे झाला. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी राज्याने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची योजना आणली. मतपेटी जवळ आली की गॅस स्वस्त होतो, यावर संसार आखता येत नाही. परिणाम गावोगाव दिसतो. घरात शेगडीही आहे आणि चूलही आहे. चहा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर.

पीक वर्षातून एकदा, बिल बारा वेळा

आता एकत्र बेरीज करू. ९० युनिटांचे बिल २०२४-२५ च्या दराने वर्षाला सुमारे ९,१४८ रुपये. आठ सिलिंडर एप्रिल २०२५ च्या भावाने ६,८२० रुपये. एकूण १५,९६८ रुपये. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आहे. म्हणजे दिवा आणि चूल यांना मिळून दोन क्विंटल सात किलो कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पिकले तर अर्ध्या एकराचे सगळे पीक.

पण खर्चाला पीक पुरे पडत नाही, नफा पडतो. सरकार म्हणते हमीभाव खर्चाच्या दीडपट आहे. म्हणजे ७,७१० मध्ये ५,१४० खर्च आणि २,५७० नफा. सरकारचेच म्हणणे खरे धरले तरी १५,९६८ रुपयांसाठी सव्वासहा क्विंटल कापसाचा नफा लागतो. एकर-दीड एकराचा नफा फक्त दिवा आणि चूल यात संपला. मुलांची शाळा, औषधपाणी, लग्नकार्य, ट्रॅक्टरची नांगरटी याच्या बाहेर. आणि ज्या साली बोंडअळी येते, ज्या साली बाजार हमीभावाच्या खाली जातो, त्या साली हे गणितच मांडता येत नाही.

त्यातही रकमेपेक्षा वेळ जास्त मारते. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, बिलही महिन्याला येते. दोघांचा मेळ बसतो. कोरडवाहूच्या हातात पैसा येतो तो दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. बिल मात्र ज्येष्ठातही येते आणि श्रावणातही येते, जेव्हा घरातला शेवटचा रुपया बियाणे-खतात गेलेला असतो. मुदत चुकली की सव्वा टक्का विलंब आकार, नंतर व्याज, नंतर तार काढायला माणूस. म्हणून पहिल्या वेच्याचा कापूस निघाला रे निघाला की तो गावातच खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. ओलावा आहे म्हणून कापला, कवडी आहे म्हणून कापला, तरी जातो. जानेवारीपर्यंत थांबलो असतो तर चांगला भाव मिळाला असता, हे प्रत्येकाला माहीत असते. पण बिल थांबत नाही. पाचशे-सातशेच्या बिलाने क्विंटलमागे किती रुपये बुडवले, याची नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही.

घेताना जगाचा भाव, विकताना सरकारचा

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता दर जानेवारी आणि जुलैला निर्देशांकाप्रमाणे बदलतो. त्या निर्देशांकात इंधन आणि दिवाबत्ती धरलेली असते. गॅस चढला तर त्याचा पगार काही अंशी चढतो. आम्ही त्याचा द्वेष करीत नाही. आम्ही एवढेच विचारतो की शेतकऱ्याचा महागाई भत्ता कोणता? त्याचा भत्ता म्हणजे कापसाचा भाव. दुसरा कोणताही नाही.

आणि त्या भावाचे काय करतात? गॅस, डिझेल, कोळसा यांना जगाच्या बाजाराचा भाव लावतात. सांगतात, आम्ही काय करणार, परदेशात महागले. कापसाला मात्र जगाचा भाव मिळू लागला की दरवाजा बंद. एप्रिल २०१० मध्ये निर्यात रोखली, मार्च २०१२ मध्ये पुन्हा रोखली. आणि जगात कापूस स्वस्त झाला की दरवाजा उघडा. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले आणि ती सूट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. नेमका तोच काळ, जेव्हा वऱ्हाडातला कापूस वेचून घरात येत होता आणि दिवाळीची बिले द्यायची होती. महागाई आवरायची म्हणून ज्वारीचा, गव्हाचा, कापसाचा भाव पाडायचा, आणि विजेचा, गॅसचा, डिझेलचा भाव चढू द्यायचा. या जात्याच्या दोन्ही पाळ्या सरकारच्या हातात आहेत. मधला दाणा आपण आहोत.

म्हणूनच घराचीही वीज फुकट द्या, अशी मागणी आम्ही करीत नाही. फुकटाची किंमत शेवटी भावातून वसूल होते, हे आपण अनेक वेळा पाहिले. घामाला दाम मिळाला तर कोरडवाहू कास्तकार आपला दिवा आपल्या पैशाने लावील.

बैठकीपुढे ठेवायचे मुद्दे

पहिला मुद्दा हिशेबाचा. प्रत्येकाने मागच्या बारा महिन्यांची विजेची बिले आणि गॅसच्या पावत्या घेऊन यावे. ज्या मायबहिणी घर चालवतात त्यांनी स्वतः यावे, कारण कोणत्या महिन्यात शेगडी बंद ठेवावी लागली हे त्यांनाच माहीत. सोबत कापूस कोणत्या तारखेला, कोणाला, काय भावाने विकला तेही लिहावे. गावागावाचा तक्ता करू. नियामक आयोगापुढे दराची सुनावणी होते तेव्हा कोणत्याही ग्राहकाला लेखी हरकत घेता येते. भाषणापेक्षा असा तक्ता तिथे जास्त बोलेल.

दुसरा मुद्दा बिलाच्या तपासणीचा. सरासरीचे बिल सलग आले तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटिशीशिवाय तार काढायला कोणी आले तर शांतपणे नोटीस मागा. माणसाशी भांडू नका, तोही पोटासाठी आला आहे.

तिसरा मुद्दा हंगामी बिलाचा. पीककर्जाची परतफेड हंगामाप्रमाणे ठरते, मग कोरडवाहू घराचे वीजबिल का नाही? जून ते ऑक्टोबरची बिले विलंब आकार आणि व्याज न लावता कापसाच्या हंगामात भरण्याची मुभा मागू. घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे सरकारने जून २०२४ मध्ये सांगितले होते. आधी पैसे मग उजेड, ही रीत वर्षातून एकदा पैसा पाहणाऱ्याला परवडणारी नाही. मीटर बदलायला कोणी आले तर ते कोणत्या पद्धतीचे आहे हे लेखी विचारा.

चौथा मुद्दा पऱ्हाटीच्या भावाचा. केंद्राच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने औष्णिक केंद्रांना कोळशात सुरुवातीला पाच टक्के शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळायला सांगितले. पऱ्हाटीच्या कांड्या आणि गोळ्या कशा करायच्या याचे काम नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेच्या केंद्रात झालेले आहे. पारसचे वीजकेंद्र अकोला जिल्ह्यातच आहे. मग पऱ्हाटी उपटून, बोंडे नष्ट करून, कुटून द्यायला कास्तकार तयार असेल तर त्याला टनामागे भाव काय, हे ठरवून मिळाले पाहिजे. बोंडअळीही आटोक्यात राहील आणि गेलेल्या जळणाची किंमत घरात येईल.

पाचवा मुद्दा छपरावरच्या सौर विजेचा. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार अनुदान जाहीर झाले. एका किलोवॉटवर महिन्याला शंभरएक युनिट निघतात. ज्याचे छत पक्के आहे आणि उरलेली रक्कम ज्याच्याजवळ आहे त्याने जरूर विचार करावा. कर्ज काढून, कोणाच्या गोड बोलण्यावर सही करून मात्र नको. स्थिर आकार त्यालाही चुकत नाही.

आणि शेवटचा मुद्दा, ज्याच्यावाचून बाकीचे पाचही लंगडे. कापसाच्या आयात-निर्यातीत हंगामाच्या मध्येच हात घालणार नाही, असे सरकारने हंगामाआधी लिहून द्यावे. कृषिमूल्य आयोगापुढे आपण घरातल्या दिव्या-चुलीचा खर्च मांडू. कापूस पिकवणारे शरीर रात्री घरी येऊन भाकरी खाते, उजेडात बसते, सकाळी पुन्हा वावरात जाते. बैलाचा चारा उत्पादनखर्चात धरता येतो, तर बैल हाकणाऱ्याच्या घरातली चूलही धरता आली पाहिजे.

रिद्धपूरला येताना बिले पिशवीत टाकायला विसरू नका.